नाशिकात बसून लेदर बॅगांचा ब्रँड काढायचाय? मग कातड्यापासून सुरुवात करा

लेदरच्या बॅगा-पाकिटांचं काहीतरी छोटंसं सुरू करायचंय असं म्हणणारे नाशिकमध्ये हल्ली बरेच भेटतात आणि जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न लोगो कोण करून देईल हाच असतो. लोगोचं नंतर बघू हो. आधी कातडं, मग कारागीर, मग हिशोब, लोगो त्यानंतर कधीतरी एखाद्या रविवारी बसून करा.

एक गोष्ट आधीच मान्य करू, नाशिक हे काही चामड्याचं गाव नाही. कोल्हापूरला चपलेची परंपरा आहे, मुंबईला धारावी आहे, कानपूरला जाजमऊ आहे, तमिळनाडूत आंबूर-वाणियंबाडी-राणीपेट हा सगळा पट्टाच टॅनरीचा, म्हणजे कातडं कमावणाऱ्या कारखान्यांचा आहे. आपल्याकडे द्राक्षं, भांडी बाजार, येवल्याची पैठणी आणि सातपूर-अंबडच्या कंपन्या. म्हणजे कातडं बाहेरूनच येणार, पण बनवणारा हात इथलाच ठेवता येतो, आणि 'एथिकल' वगैरे शब्द वापरायचे असतील तर माझ्या मते नियम एकच, जे स्वतः बघितलंय किंवा ज्याचा कागद हातात आहे तेवढंच गिऱ्हाइकाला सांगायचं. खालचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय.

पायरी १: कातडं हातात धरून ओळखायला शिका

दुकानदार सगळ्यालाच 'प्युअर लेदर' म्हणतो, त्यामुळे त्याच्या तोंडापेक्षा कातड्याची कापलेली कड बघा. वरचा रंग काळा-टॅन काहीही असू दे, कडेला मधला गाभा निळसर-राखाडी दिसला तर बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं आहे, गाभा तपकिरी-पिवळट असेल तर झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं, ज्याला बाजारात व्हेज टॅन म्हणतात. (गाभ्यापर्यंत रंगवलेला माल असला तर हे चालत नाही, मग विचारावंच लागतं.) मागच्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे प्लास्टिकचं नकली लेदर. शंका असेल तर नखाएवढा तुकडा मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा, खरं कातडं केस जळाल्यासारखं वास मारतं आणि पीयू वितळून गोळा होतो. साध्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर डाग गडद होतो, जाड फिनिश केलेल्या मालावर तो तसाच घरंगळतो.

मग ग्रेनचं, म्हणजे कातड्याच्या वरच्या थराचं बघा. फुल ग्रेन म्हणजे वरचा थर घासलेला नाही, डासाचे-गोचिडीचे डाग, काट्याने ओरखडलेल्या खुणा सगळ्या दिसतात आणि त्या दिसायलाच हव्यात. करेक्टेड म्हणजे वरून घासून, रंगाचा थर देऊन, छाप मारून गुळगुळीत केलेलं. स्प्लिट म्हणजे खालचा थर, त्यावर प्लास्टिकचा लेप दिला की तेही 'जेन्युइन लेदर' म्हणून विकलं जातं आणि दोन वर्षांत कडेने सोलायला लागतं. नवे लोक हमखास गुळगुळीत माल उचलतात कारण तो शोरूमसारखा दिसतो, माझं मत विचाराल तर थोडे डाग असलेलं फुल ग्रेन घ्या आणि डाग कुठे येईल ते कापताना ठरवा.

जाडी मिलिमीटरमध्ये बोला. पाकिटाला साधारण १ मिमी, बॅगेला दीड ते दोन, पट्ट्याला ३ ते ४. माल स्क्वेअर फुटावर विकतात, बकरीचं कातडं छोटं, चार-सहा फुटांचं असतं, म्हशीचं खूप मोठं, त्यामुळे मोठ्या टोटचा (वरून उघडी, दोन हँडलची बॅग) अख्खा पॅनल बकरीत सहसा बसत नाही, हे डिझाइन काढायच्या आधी माहीत असलेलं बरं.

पायरी २: क्रोम की व्हेज टॅन, यावर उगाच भांडू नका

इंस्टावर वाचून लोक ठरवून येतात की क्रोम म्हणजे विष आणि व्हेज टॅन म्हणजे पुण्य. इतकं सरळ नाही ते. जगातलं बहुतेक लेदर क्रोमनेच कमावलेलं असतं, कारण काम एक-दोन दिवसांत होतं, माल मऊ राहतो आणि पाणीही जास्त सोसतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून पारंपरिक पद्धतीने कमवायला काही आठवडे जातात, कातडं घट्ट होतं, वापरून वापरून रंग चढतो, कोल्हापुरी चपलेचा जीव त्यातच आहे. दोन्हीत पाणी भरपूर लागतं आणि सांडपाणी सोडायचं कुठे हा प्रश्न दोन्हीकडे आहे. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या टॅनऱ्यांनी पालार नदीची काय अवस्था केली ते १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे, प्रदूषण करेल त्याने भरपाई द्यायची हे तत्त्व आपल्याकडे त्या निकालाने पक्कं झालं.

क्रोममध्ये बघायची गोष्ट म्हणजे क्रोमियम सहा, क्रोमियमचं घातक रूप. कमावताना वापरतात तो क्रोमियम तीन, पण प्रक्रिया नीट नसली किंवा माल उष्णतेत-उन्हात चुकीचा साठवला तर त्यातला थोडा सहामध्ये बदलू शकतो, आणि तो माणसाच्या त्वचेला ॲलर्जी करतो. युरोपात २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या लेदरच्या वस्तूत किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. तुम्ही युरोपला नाही विकणार, माहितेय, पण टॅनरीकडे हा टेस्ट रिपोर्ट असतो की नाही यावरून टॅनरी कशी आहे ते कळतं.

पायरी ३: माल आणायला जा, पण प्रश्न घेऊन जा

सुरुवातीला टॅनरीतून थेट माल मिळत नाही, त्यांना तुमच्या वीस फुटांत रस नसतो. त्यामुळे धारावी. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून स्लो लोकलने सायन, मग चालत. सायन-बांद्रा लिंक रोडवर तयार बॅगा-जॅकेटची दुकानं आहेत ती बघून घ्या, पण कच्चा माल आतल्या गल्ल्यांत. पहिल्या फेरीत काही घेऊ नका. भाव विचारा, तुकडे मागा, प्रत्येक तुकड्याच्या मागे पेनाने दुकान, भाव, जाडी लिहून ठेवा, नाहीतर नाशिकरोड येईपर्यंत सगळे तपकिरी तुकडे एकच वाटायला लागतात.

विचारायचं काय? जनावर कुठलं, म्हैस की बकरी की मेंढी. टॅनरी कुठली, निदान गाव कुठलं. बिलावर तसं लिहून देणार का. पुढच्या वेळी हाच माल, हाच रंग मिळेल का, की हा एक्सपोर्टचा उरलेला लॉट आहे. उरलेला लॉट वाईट नसतो बरं का, उलट ज्याला कुणी वाली नाही असा चांगला माल वापरला जातो, फक्त मग वेबसाइटवर 'लिमिटेड' लिहायचं आणि खरंच लिमिटेड ठेवायचं. दुकानदार टॅनरीचं नाव सांगत नसेल तर तुम्हाला टॅनरी माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ, तिथे 'एथिकली सोर्स्ड' लिहायला जागा नाही.

थोडी ऑर्डर वाढली, म्हणजे दोन-चारशे फूट एका रंगात लागायला लागलं, की मग तमिळनाडू किंवा कोलकात्याच्या बंतालाच्या टॅनऱ्यांशी बोलता येतं. तिथे लेदर वर्किंग ग्रुपचं सर्टिफिकेट आहे का विचारा, २००५ मध्ये सुरू झालेला हा गट टॅनऱ्यांचं ऑडिट करतो, पाणी, वीज, रसायनं, सांडपाणी, कच्चं कातडं कुठून आलं याचा माग, आणि गोल्ड-सिल्व्हर-ब्राँझ असे दर्जे देतो. सर्टिफिकेटचा फोटो पाठवला की खूश होऊ नका, त्यांच्या साइटवर टॅनरीचं नाव टाकून अजून चालू आहे का तपासा. आणि हे ऑडिट मुख्यतः पर्यावरणाचं, कामगाराला पगार किती मिळतो ते त्यावरून पूर्ण कळेल असं समजू नका.

'अहिंसक' लेदर हवंय असंही काही जण म्हणतात, म्हणजे आपोआप मेलेल्या जनावराचं. कल्पना नवी नाही, गांधीजींच्या काळात वर्ध्याजवळ नालवाडीला असं चर्मालय चालायचं. आज बाजारात मात्र कातडी एकत्र झाली की कुठलं कुठल्या जनावराचं हे वेगळं करणं जवळपास अशक्य, त्यामुळे पूर्ण साखळी दाखवल्याशिवाय कुणी तसं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

पायरी ४: कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्यात नाही. त्यामुळे इथे काम करताना म्हैस, बकरी, मेंढी हेच सोपं आणि सुटसुटीत, आणि म्हशीचं कातडं बॅगेला उत्तम असतं, त्याला दुय्यम समजायचं काहीच कारण नाही. बिल नेहमी सोबत, त्यावर 'फिनिश्ड लेदर' आणि जनावराचं नाव स्पष्ट असू दे, बसने किंवा गाडीत रोल घेऊन येताना कुणी विचारलं तर बोलण्यापेक्षा कागद बरा. साप, घोरपड, मगर यांच्या कातड्याच्या नादाला अजिबात लागायचं नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि थेट जेल आहे. छाप मारलेलं चालतं, पण लिहिताना 'क्रोक प्रिंट' असं लिहा, नुसतं क्रोक नको.

पायरी ५: कारागीर शोधा, आणि हीच सगळ्यात मोठी पायरी आहे

टॅनरी तुमच्यापासून हजार किलोमीटरवर, तिथे तुम्ही फार तर प्रश्न विचारू शकता. कारागीर मात्र तुमच्या समोर बसलेला असतो, त्याला काय देता, किती वेळ देता, कुठे बसवता हे शंभर टक्के तुमच्या हातात. म्हणून इथे सबब चालत नाही.

शोधायचं कुठे? शालिमार, मेन रोड, नाशिकरोड स्टेशनचा परिसर, कुठेही चप्पल-बूट दुरुस्ती करणारे बघा, बॅगेच्या चेन बदलणारे बघा, गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे बघा. काम मागण्याआधी एक जुनी बॅग दुरुस्तीला द्या आणि बाजूला उभं राहून नुसते हात बघा. चांगला माणूस कड दुमडायच्या आधी रापी, म्हणजे कातडं तासायची सुरी, दगडावर दोनदा ओढतो, कातडं उलटं करून अंगठ्याने ताणतो आणि कडेची बोटभर पट्टी खालून तासत जातो, साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते आणि वरच्या बाजूला ओरखडाही येत नाही. सव्वा मिलिमीटरचं कातडं तसंच दुमडलं तर अडीच होतं आणि कोपरा फुगतो, तासून निम्मं केलं की दुमडलेली कड परत मूळ जाडीला येते. ही स्किव्हिंग ज्याच्या हातात आहे त्याला बाकीचं महिनाभरात शिकवता येतं. ज्याच्या हातात नाही त्याला मशीन आणून दिलं तरी कोपरे फुगणारच.

त्याच्याशी बोलताना 'भाऊ' किंवा वयाने मोठे असतील तर 'काका', हे सांगायची गरज पडू नये पण पडते. या कामाला आपल्याकडे जात चिकटलेली आहे, ज्यांच्या पिढ्यांनी कातडं कमावलं-शिवलं त्यांना गावाबाहेर ठेवलं आणि आता तेच काम 'आर्टिझनल' म्हणून कॉलेज रोडच्या कॅफेत आठ हजाराला विकलं जातं, त्यात बनवणाऱ्याचं नाव नसेल तर 'एथिकल' कशाला म्हणायचं? २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. मग कंपनीने ते मान्य केलं आणि वर्षाच्या शेवटी आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. आपण शालिमारच्या काकांचं नाव घेत नसू तर फरक फक्त आकाराचा. अर्थात नाव-फोटो छापायच्या आधी त्यांना विचारा, सगळ्यांना आवडतंच असं नाही.

पैशाचं: सुरुवातीला नगावर रेट ठरवू नका. नवीन डिझाइन शिकताना नगावर पैसे दिले की माणूस घाई करतो आणि दोष त्याचा नसतो. सॅम्पलच्या काळात दिवसाचा रोज द्या, सॅम्पल फसलं तरी द्या. डिझाइन बसलं की मग दोघांनी मिळून घड्याळ लावून बघा एका नगाला किती वेळ लागतो आणि त्यावरून रेट काढा. सामान तुम्ही द्या, ॲडव्हान्स द्या, पेमेंट त्याच आठवड्यात. गिऱ्हाइकाने पैसे दिले की देतो, ही भाषा नको.

बसायची जागा हा विषय कुणी काढत नाही. चिकटवायचं सोल्यूशन बंद खोलीत दिवसभर नाकात गेलं की डोकं धरतं, पुढे त्याहून वाईट होतं. खिडकी, एक्झॉस्ट फॅन, आणि जमेल तिथे पाण्याचं ॲडहेसिव्ह, सुकायला वेळ घेतं पण वासाचा त्रास खूप कमी. लहान मुलं 'मदतीला' बसवलेली दिसली तर काम तिथेच थांबवा, चौदाच्या आतल्या मुलाला असं कामाला ठेवणं बेकायदा आहे.

आणि कागदपत्रांत मदत करा, त्याने माणूस बांधला जातो ते वेगळंच. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार-पादत्राणे कारागीर हा १८ कामांपैकी एक आहे, नोंदणी सीएससी केंद्रात होते, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात आणि पुढे ५ टक्क्यांनी आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. चर्मकार समाजासाठी लिडकॉमच्या, म्हणजे संत रोहिदास महामंडळाच्या, वेगळ्या योजना आहेत त्याही विचारून या. तुमचं स्वतःचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकट होतं, त्याचे दोन हजार मागणारा एजंट भेटेल, त्याला नमस्कार करा.

पायरी ६: पहिली वस्तू छोटी ठेवा

टोट बॅग पहिली करू नका. कार्ड होल्डर करा. तीन-चार तुकडे, शिलाई सरळ, आणि सगळी लाज कडेलाच निघते. व्हेज टॅन असेल तर कड घासून, डिंक-मेण लावून चकचकीत करता येते, क्रोम तशी घोटली जात नाही, तिथे एज पेंटचे, म्हणजे कडेला लावायच्या रंगाचे दोन-तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर घासून. घाईत एकच जाड थर दिला की महिन्यात तडकून सुटतो.

हाताची सॅडल शिलाई आणि मशीनची शिलाई यातला फरक गिऱ्हाइकाला दाखवता आला पाहिजे. हातात एकच दोरा दोन सुयांनी प्रत्येक भोकातून दोन्हीकडून जातो, एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनचा टाका तुटला की उसवत जाण्याची भीती. म्हणून सगळं हाताने करायची गरज नाही, हँडल आणि पट्टा जिथे बसतो तिथे हाताने, लांब सरळ बाजू मशीनने, हे मला पटतं. मशीन शिलाईला 'हँडस्टिच्ड' म्हणणं मात्र खोटं.

लोकल काही जोडायचं असेल तर येवल्याची पैठणी क्लचच्या फ्लॅपला छान दिसते, पण विणकराकडून बिलासकट घ्या, बाजारात पॉवरलूमचीही 'पैठणी' म्हणूनच मिळते. रेशमाच्या मागे फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावल्याशिवाय चिकटवू नका, सोल्यूशन पुढे झिरपतं आणि डाग जात नाही. वाइनरीच्या पर्यटकांसाठी बाटलीचं लेदर कॅरिअर हीसुद्धा नाशिकची हक्काची वस्तू, अजून फार कुणी नीट केलेली दिसत नाही.

पायरी ७: किंमत काढा, लाजू नका

समजा टोट आहे. ९ फूट लेदर १४० च्या भावाने १,२६० (वाया जाणारं धरून), अस्तर १५०, चेन-बकल-रिंगा ३५०, दोरा-ॲडहेसिव्ह-एज पेंट १२०, कारागिराचा दीड दिवस १,२०० रोजाने १,८००, डबा-पिशवी १००. झाले ३,७८०. यात तुमचा वेळ, धारावीच्या फेऱ्या, फसलेले नग, जागेचं भाडं, टॅक्स काहीच नाही, ते धरलं की साडेसात-आठ हजाराच्या खाली विकणं परवडत नाही. आकडे तुमच्या भावाने बदला, पण मजुरी हा सगळ्यात मोठा आकडा राहिला तर घाबरू नका, हाताने केलेल्या वस्तूत तसंच असतं. मेहुणा म्हणेल ऑनलाइन नऊशेला मिळते. मिळते, त्याने ती घ्यावी.

महाग म्हणजे आपोआप स्वच्छ असंही नसतं. २०२४ मध्ये मिलानच्या कोर्टाने दिओर या महागड्या ब्रँडच्या बॅगा बनवणाऱ्या तिथल्या कंपनीवर देखरेख नेमली, तपासात निघालं की ज्या बॅगेला ठेकेदाराला कच्चा माल सोडून ५३ युरो मिळत होते ती दुकानात २,६०० युरोला होती. म्हणून तुमच्या टॅगवर किमतीची फोड छापली तर चालेल, मी तर म्हणतो छापाच, कारागिराच्या आकड्यासकट.

पायरी ८: टॅगवर काय लिहायचं

'म्हशीचं लेदर, क्रोम टॅन, टॅनरी राणीपेट, धारावीच्या व्यापाऱ्याकडून. शिवलं नाशिकमध्ये, अमुक यांनी.' एवढं पुरे. टॅनरी माहीत नसेल तर ती ओळ गाळा. 'इको', 'सस्टेनेबल', 'क्रुएल्टी फ्री' हे शब्द कुठलाही कागद हातात नसताना टाकू नका. पीयूला 'व्हेगन लेदर' म्हणून विकायचं असेल तर ते प्लास्टिक आहे हेही लिहा. आणि नाशिकमध्ये बनवलेल्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हणता येत नाही, २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे, आपण त्यात नाही.

पायरी ९: पावसाळा आणि दुरुस्ती

जून ते सप्टेंबर कातड्याला बुरशी येतेच. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापडात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा, आणि ऊन पडलं की सावलीत पंख्याखाली पसरा, थेट उन्हात नाही. व्हेज टॅनवर बुरशी लवकर बसते, म्हणून मे महिन्यात मोठा साठा करायचा नाही.

दुरुस्ती आयुष्यभर फुकट वगैरे घोषणा सुरुवातीला नको, दोन वर्षं शिलाई-चेन फुकट, पुढे खर्चाने, एवढं झेपतं. त्यासाठी एक वही करा, प्रत्येक डिझाइनला चेनचा नंबर, रनर कुठल्या कंपनीचा, दोऱ्याचा नंबर आणि रंग, अस्तर कुठून आणलं, कुठल्या कारागिराने शिवली, आणि त्याच लॉटचा हातभर तुकडा पिन करून ठेवा. तीन वर्षांनी कुणीतरी तुटलेला पट्टा घेऊन येतं तेव्हा तो रंग बाजारात मिळत नाही.